स्टिअरिंगमागची सीट

बस डेपोत चौतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला गाडी चालवता येत नाही, असं कुणी सांगितलं तर तुमचा विश्वास बसेल? डेपोतही कुणाचा बसला नसता. म्हणून तर उस्तादांचं गुपित इतकी वर्षं सुखरूप राहिलं.

सगळे त्यांना उस्तादच म्हणत. इंजिनात कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय हे ते चहाचा कप हातात धरून, पाठमोरे उभे राहून सांगत. गिअरबॉक्स उघडून पुन्हा बसवताना त्यांच्याकडे कधी एक नट उरला नाही. ज्यांनी घरचा पंखा एकदा तरी उघडलाय त्यांना हे केवढं मोठं काम आहे ते कळेल. पण स्टिअरिंगला त्यांनी हात लावला तो एकदाच. नोकरीचा पहिला महिना होता आणि वय होतं चोवीस. साहेब म्हणाले, "ती बस जरा दोन फूट मागे घे." उस्तादांनी घेतली, पण दोन नाही, अकरा फूट. मध्ये कँटीनची भिंत होती. धूळ खाली बसल्यावर कँटीनवाला हातात किटली घेऊन बाहेर आला आणि शांतपणे म्हणाला, "दारातून आला असतास तरी चहा दिला असता."

पुढे साहेबांची बदली झाली, कँटीनवाला काम सोडून गेला, भिंत नव्याने बांधून झाली. उस्तादांच्या छातीतली धडधड मात्र जिथल्या तिथे राहिली. कुणी "जरा गाडी पुढे घे" म्हटलं की ते दोन्ही हात वर करून दाखवत. "हात काळे आहेत रे, तूच घे." फिटरचे हात काळेच असणार, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नव्हतं.

डेपोची रीतही त्यांच्या पथ्यावर पडली. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक बसचं एक जॉबकार्ड असे. चालकाने तक्रारी लिहायच्या, फिटरने एकेक तक्रार दूर करून खाली सही करायची, मग चालकाने गाडी ट्रायलला न्यायची, शेरा लिहायचा आणि आपली सही ठोकायची. दोन सह्या झाल्या की गाडी पास. फिटरने ट्रायल घ्यायची नाही, हा नियमच होता. ट्रायलच्या वेळी उस्ताद शेजारी बसत आणि तिथून सूचनांचा मारा करत. "क्लच हळू सोड. अरे हळू! झोपलेल्या बाळाचं पांघरूण काढतोयस असं समज!" हा मारा बहुतेक वेळा ज्याच्या वाट्याला यायचा तो चालक म्हणजे भोंगा. खरं नाव त्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर असेल तेवढंच. तो कानात बोलला तरी पलीकडच्या फाटकावरचा रखवालदार "काय?" म्हणून विचारायचा.

भोंगा आणि उस्ताद एकाच दिवशी निवृत्त झाले. भोंगा घरी जाऊन झोपला. उस्तादांना तिसऱ्या महिन्यातच घर खायला उठलं आणि नेमकी तेव्हा ती गाडी आली.

वस्तीच्या टोकाला दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्याच्या मागच्या अंगणात ताडपत्रीखाली एक जुनी स्पोर्ट्स कार बावीस वर्षं उभी होती. दोनच सीटांची, कापडी छपराची, तारांच्या चाकांची, इतकी बुटकी की तिच्या शेजारी उभं राहिलं की आपण उगाच उंच झाल्यासारखं वाटावं. बाईंनी तरुणपणी ती हौसेने चालवली होती. आता दवाखाना विकायला काढला होता. त्या उस्तादांना म्हणाल्या, "तुम्ही नेलीत तर गाडी, नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय." उस्तादांनी ताडपत्री उचलली. आत उंदरांनी वायरींचा फडशा पाडला होता, सीटांमधून गवत उगवलं होतं, पायाखालचा पत्रा गंजून चाळणी झाला होता आणि ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट बसलं होतं. उस्तादांना हे सगळं बघून इतका आनंद झाला की त्यांनी दात न दाखवताच बाईंना तीनदा धन्यवाद दिले.

उस्तादांचं घर लहानच. पुढच्या खोलीत बायकोचं शिवणयंत्र, कापडाचे गठ्ठे आणि तीन आरशांचं कपाट, मधे निजायची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्याही मागे पत्र्याची शेड. शेडचं दार मागच्या गल्लीत उघडे. बायकोला सगळी वस्ती शिवणकाकू म्हणे. अठ्ठावीस वर्षं त्या बायकांचे कपडे शिवत होत्या आणि त्यांचं माप चुकलं असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. एखादीला कपडा घट्ट झाला तर ती स्वतःच खाणं कमी करायची.

गाडी शेडमध्ये ढकलत आणली तेव्हा काकू दाराशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"अहो, हे काय आहे?"

"गाडी आहे."

"होती," काकू म्हणाल्या आणि फडकं आणायला आत गेल्या.

पुढची दोन वर्षं त्या घरात संसार दोन झाले. उस्तादांनी पहिल्याच दिवशी पुठ्ठ्याचं एक जॉबकार्ड बनवून शेडच्या खिळ्याला अडकवलं. सवय ती सवय. वर एकशे एकोणीस कामं, खाली दोन रेघा. एक फिटरच्या सहीची, एक ट्रायल घेणाऱ्या चालकाची. मग गाडी सुटी झाली आणि हळूहळू घरभर पसरली. दोन्ही कार्बोरेटर स्वयंपाकघराच्या खिडकीत रॉकेलच्या डब्यात बुडाले. पिस्टन पलंगाखाली गेले. काकूंच्या बटणांच्या डब्यांत वॉशर सापडू लागले, आणि एका बाईच्या ब्लाउजला चौथ्या हुकाच्या जागी बारीक स्प्रिंग लागून गेली. ती बाई पुढच्या वेळी म्हणाली, "तसंच लावा हो, छान बसतं."

काकू कुरकुरत, पण गुंतत गेल्या. रंग कुठला, यावर घरात आठवडाभर वाद चालला. शेवटी काकूंनी दोऱ्याच्या रिळांच्या खणातून डाळिंबी रीळ काढलं आणि ते रंगवाल्याच्या टेबलावर ठेवलं. "असा. याच्याहून फिका नको, गडद नको." रंगवाल्याने सात वेळा मिसळून हात टेकले, आठव्या वेळी रंग जुळला. वायरींना काकूंनी उरलेल्या चिंध्यांच्या वेगवेगळ्या रंगांच्या खुणा बांधल्या. छपराचं कापड त्यांनी यंत्रावर दोनदा सुया मोडून शिवलं. ज्या दिवशी इंजिन पहिल्यांदा फुरफुरलं आणि मग एका लयीत चालायला लागलं, त्या दिवशी उस्तादांनी काळ्याच हातांनी डोळे पुसले आणि दिवसभर अस्वलासारखं तोंड घेऊन फिरले.

खरी गंमत त्यानंतर सुरू झाली. कार्डावरची कामं संपत आली तशी उस्ताद नवी लिहायला लागले. आरसा थरथरतो. दाराचा आवाज बरोबर नाही. हॉर्न जरा रडका वाटतो. एकशे एकोणीसची एकशे चव्वेचाळीस झाली. काकू रोज कार्ड वाचत आणि दुपारी पिशवी घेऊन बाहेर पडत. "काज-बटणांना कपडे देऊन येते हो." हल्ली काज-बटणं फारच वाढलीयत, एवढंच उस्तादांच्या मनात आलं.

अशात भोंगा आला. डेपोला पन्नास वर्षं होत होती आणि दीड महिन्यावरच्या रविवारी सगळ्या जुन्या माणसांना बोलावणं होतं. भोंग्याने गाडीभोवती एक फेरी मारली, शिटी वाजवली आणि जाहीर केलं, "उस्ताद, तू यातून येणार! मी सगळ्यांना सांगून आलोय!"

"तू चालव की," उस्ताद घाईघाईने म्हणाले. "चालक तू आहेस."

"छे! चौतीस वर्षं तू नीट केलेल्या गाड्या मी चालवल्या. ही तू चालवायचीस. आणि खरं सांगू? माझं हे पोट त्या स्टिअरिंगखाली गेलं तर बाहेर काढायला क्रेन लागेल. मी फाटकात उभा राहून तुला सलाम ठोकणार!" हे सगळं त्याच्या नेहमीच्या आवाजात झाल्याने अर्ध्या गल्लीलाही कळलं. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्याने विचारलं, "मग उस्ताद, रविवारी राइड काय?"

डेपोत त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. त्या फाटकातून ते चालत गेले तर शंभर जण कारण विचारणार. आणि खरं कारण सांगितलं तर? चौतीस वर्षं ज्यांना "क्लच हळू सोड" म्हणून झापलं, त्या सगळ्यांसमोर? पण त्याहून आतली एक गोष्ट होती, जी ते स्वतःशीही नीट बोलत नसत. ती गाडी रस्त्यावर धावावी आणि आपण तिच्यात असावं, एवढंच त्यांना मनापासून हवं होतं. दोन वर्षं ते त्यासाठीच राबले होते.

म्हणून एका सकाळी धीर करून ते चौकातल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात गेले. आत खुर्चीवर कोण बसलेलं असावं? डेपोत त्यांच्याच हाताखाली शिकलेला, आता मिशा पिकलेला जुना चेला! तो ताडकन उठला. "उस्ताद! तुम्ही इथे?"

"ते... तुझ्या गाडीचा ब्रेक," उस्ताद म्हणाले. "परवा जाताना आवाज ऐकला. म्हटलं बघावं."

चेल्याला भरून आलं. उस्तादांनी भर चौकात, उन्हात पाठीवर पडून शिकवणीच्या गाडीचे चारही ब्रेक जुळवून दिले आणि घरी आले.

मग एके दिवशी काकू बाहेर गेलेल्या बघून त्यांनी स्वतःच धाडस केलं. गाडी चालू केली, गिअर टाकला, क्लच सोडला. झोपलेल्या बाळाचं पांघरूण खसकन ओढलं गेलं. गाडीने बेडकासारखी उडी मारली, कपडे धुवायच्या टपाला धडक दिली आणि बंद पडली. टप उपडा झाला, साबणाचं पाणी शेडभर पसरलं. बंपरला जरासा पोचा आला होता. उस्तादांनी तो ठोकून सरळ केला, फरशी पुसली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक काम कार्डावर न लिहिता केलं.

आता फक्त सीटा राहिल्या होत्या. काकूंनी त्या आठवडाभर दार लावून शिवल्या. खाली स्पंज, वर काळं रेक्झिन, कडेने डाळिंबी दोऱ्याची दुहेरी शिलाई. बसवताना म्हणाल्या, "पुढचे बोल्ट मी सांगते त्या भोकात लावायचे." उस्तादांनी लावले. मग चालकाच्या सीटवर बसून पाहतात तो काय, गुडघे थेट डॅशबोर्डला टेकलेले, स्टिअरिंग पोटात रुतलेलं, आणि बूड इतकं उंच की डोकं छपराला लागलेलं. शेजारची सीट मात्र अशी, की तिच्यात बसल्यावर उठूच नये.

उस्ताद चकित झाले. अठ्ठावीस वर्षांत न चुकलेलं माप नेमकं घरच्या माणसाचं चुकावं? डोळ्यांचा नंबर वाढला असेल बिचारीचा. त्यांना वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, कारण आणखी एक काम निघालं होतं. त्यांनी कार्डावर लिहिलं, 'चालकाची सीट. माप चुकले. पुन्हा करणे.' दुसऱ्या दिवशी पाहिलं तर त्या ओळीवर शिवणाच्या निळ्या खडूने आडवी रेघ मारलेली आणि पुढे लिहिलेलं, 'माप बरोबर आहे.'

शिवणकाकूंशी मापावरून वाद घालण्याइतके उस्ताद वेडे नव्हते.

रविवार उजाडला. उस्तादांनी मनाशी शेवटचा बेत केला होता. प्लगांना करंट वाटणारी जी डबी असते, तिच्यात अंगठ्याएवढा एक तुकडा फिरत असतो, रोटर म्हणतात त्याला. तो काढला की मग कितीही सेल्फ मारा, गाडी चालू व्हायची नाही. सकाळी दात घासायच्या आधीच त्यांनी तो काढून नव्या शर्टाच्या खिशात टाकला होता. ऐनवेळी गाडी बिघडली, असं सांगून रिक्षाने जायचं. फिटरची गाडी बिघडली म्हणून लोक हसतील. हसू देत. भिंतीपेक्षा ते बरं.

ते शेडमध्ये गेले तेव्हा गल्लीकडचं दार आधीच उघडं होतं. काकू केसांना घट्ट रुमाल बांधून, पायात कापडी बूट घालून गाडीपाशी उभ्या होत्या. त्यांच्या पायात बूट उस्तादांनी जन्मात पाहिले नव्हते.

"चला, उशीर होतोय," काकू म्हणाल्या, दार उघडून चालकाच्या सीटवर बसल्या आणि दार ओढून घेतलं.

सीट त्यांना अशी बसली होती की एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. पाय बरोबर पेडलवर, हात बरोबर स्टिअरिंगवर, नजर बरोबर बॉनेटच्या वरून.

"अगं, तू..." उस्ताद दाराशीच थबकले.

काकूंनी पर्समधून लायसन्स काढून डॅशबोर्डवर ठेवलं. "चार महिने गेले दुपारचे. काज-बटणं कुठली आलीयत एवढी! तुमच्या चेल्याने शिकवलं. चांगला शिकवतो हो. आणि त्या गाडीचे ब्रेक काय मस्त होते!"

"म्हणजे तुला माहीत होतं? मला... येत नाही ते?"

"लग्नानंतर दुसऱ्या दिवशी तुमच्या आईंनी सांगितलं होतं. म्हणाल्या, सगळ्यात हुशार आहे पोरगा, फक्त गाडीत बसला की भिंतीपासून लांब ठेव." काकूंनी किल्ली फिरवली. सेल्फ घरघरला. पुन्हा फिरवली, पुन्हा घरघरला. गाडी काही चालू होईना. त्यांनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. "खिशात आहे ते आधी जागेवर लावा."

"कसल्या खिशात?"

"अहो, तो खिसा मी शिवलाय. रिकामा कसा पडतो आणि भरलेला कसा, ते मला कळत नाही?"

उस्तादांनी निमूट बॉनेट उघडलं. रोटर जागेवर बसवला. तेहतीस वर्षं या बाईपासून आपण एक गोष्ट लपवली, अशी त्यांची समजूत होती. तिने ती ओळखून जपली होती आणि एका शब्दानेही कधी बोचकारलं नव्हतं. त्यांना एकदम फार हलकं वाटलं. ते येऊन शेजारच्या सीटवर बसले, जिच्यातून उठूच नये असं वाटे, आणि आता कळलं की तीही मापानेच शिवलेली होती.

गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली. काकूंनी क्लच असा सोडला की टपातलं पाणी हललं नाही. गल्ली, चौक, मोठा रस्ता. तारांची चाकं उन्हात चमकत होती. सिग्नलला शेजारच्या बसमधली माणसं खिडक्यांना चिकटली. उस्ताद सारखे बोलत होते. "गिअर टाक. आता टाक. मागून ट्रक येतोय. तो लाल शर्टवाला बघ. ऐक, ऐक, काय आवाज लागलाय दोन्ही कार्बोरेटरचा!" काकूंनी एकदाच म्हटलं, "अहो, मला तुमच्यापेक्षा रस्ता ऐकू येऊ द्या." मग उस्तादांनी तोंड मिटलं आणि वारा खाल्ला. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एक माणूस मोटारीत बसून स्वतःशीच हसत होता.

डेपोच्या फाटकात भोंगा कबूल केल्याप्रमाणे सलामाच्या पवित्र्यात उभा होता. मागे पन्नास-साठ जुने चेहरे. गाडी थांबली. भोंग्याचा हात कपाळाशीच राहिला. त्याने चालकाच्या सीटकडे पाहिलं, मग शेजारच्या सीटकडे.

उस्ताद उतरले. इथे एखादी थाप सहज खपली असती. कंबर धरली म्हणता आलं असतं, चष्मा विसरला म्हणता आलं असतं. पण त्यांना आता थापेची गरज वाटेना. ते स्पष्ट म्हणाले, "मला गाडी चालवता येत नाही. कधीच येत नव्हती. हिला येते."

"मग चौतीस वर्षं," भोंगा म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज कुजबुजीइतका निघाला, "चौतीस वर्षं मला जे पांघरूण, बाळ, हळू सोड, ते कशाच्या जोरावर?"

"ऐकून," उस्ताद म्हणाले. "क्लच दुखला की मला ऐकू येतं."

भोंगा असा हसला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मग सगळेच हसले. काकूंभोवती चालकांचा गराडा पडला आणि प्रत्येक जण सीटवरची दुहेरी शिलाई बोटाने चाचपून बघू लागला. कँटीनमधून किटली आली. उस्तादांनी चहा भिंतीला टेकून, ती किती भक्कम बांधलीय हे हाताने ठोकून बघत प्यायला.

दुपारी घरी आल्यावर काकू गाडी शेडमध्ये लावून आधी आत गेल्या. उस्ताद दार लावायला मागे राहिले आणि त्यांची नजर खिळ्यावरच्या जॉबकार्डावर पडली. चालकाच्या रेघेवर निळ्या खडूने सही होती. फिटरची रेघ कोरी असताना चालकाने सही ठोकलेली! डेपोत यासाठी मेमो निघाला असता. सहीच्या वर शेरा होता. 'ट्रायल घेतली. गाडी उत्तम. जोरात ब्रेक मारल्यावर किंचित डावीकडे ओढते. टपाची धडक लागलेला बंपर नीट सरळ झालेला नाही.'

टपाचं वाचून उस्तादांचे कान लाल झाले. पण ब्रेक? ब्रेक ओढतो? चार वेळा तपासला होता त्यांनी. त्यांनी जॅक लावला, नवा शर्ट अंगात तसाच ठेवून पाठीवर लोळण घेतली आणि पुढची चाकं एकेक फिरवून पाहिली. डाव्या चाकाचा ब्रेक, तो जुळवायच्या चक्रीच्या एका दात्याने घट्ट होता. एकाच दात्याने! शेजारच्या सीटवर बसून त्यांना ते कळलं नव्हतं, तिला पायाला कळलं होतं. चौतीस वर्षांत इतकी नेमकी तक्रार एकाही चालकाने लिहिली नव्हती.

त्यांनी तो एक दाता सैल केला. मग उठून, हात पुसायची वाट न बघता, खडू घेतला आणि दोन वर्षं कोरी ठेवलेल्या फिटरच्या रेघेवर सही केली. तिच्या सहीशेजारी त्यांच्या अंगठ्याचा काळा ठसा उमटला.

"अगं ए," त्यांनी आत हाक मारली, "ब्रेक झाला. पुन्हा ट्रायल घ्यावी लागेल."

"बूट घालते," आतून आवाज आला.